वर्लीनचं पाचवं गाणं

टेनेसीतल्या वर्लीन स्टब्जची पहिली चार गाणी तिच्याच गावच्या रेडिओवर कधी वाजली नाहीत. तिथला निवेदक क्लेटस म्हणजे तिने सोडलेला नवरा. संसारात असताना तो दर शनिवारी गळ घेऊन नदीवर जायचा आणि रिकाम्या हातांनी, परक्या अत्तराचा वास घेऊन परतायचा. "हे आपलं गावाकडचं कंट्री संगीत नाही, पॉप आहे," म्हणत त्याने चारही तबकड्या परत धाडल्या. पाचवं गाणं मात्र कंट्री आणि पॉप, लोकप्रिय गाण्यांच्या दोन्ही याद्यांत पहिलं आलं. रेडिओ केंद्राच्या मालकाने क्लेटसला बजावलं, दर तासाला लाव आणि नाव सांगून लाव.

वर्लीन पीठ मळता मळता कान टवकारून होती. रेडिओ खाकरला. "आता ऐका... 'मासे कुठायत, क्लेटस?'"

तिने पिठाच्याच हातांनी फोन लावला. "क्लेटसभाऊ, नाव नीट ऐकू नाही आलं हो. पुन्हा सांगता?"