कॉलरचं गाणं

माझी मावशी पायाच्या मशीनवर कपडे शिवते. पन्नाशीला टेकल्यावर तिने दहावीचा फॉर्म भरला. घरात सगळे हसले, पण तिने कुणाला भीक घातली नाही.

शिवताना तिला गाणं लागतंच, आणि त्याचा नियम ठरलेला आहे. सरळ शिवणीला ढिंगच्याक, कॉलरला संथ. घाईच्या गाण्यावर कॉलर वाकडी बसते, हे ती एका वकिलाचा शर्ट बिघडवून शिकली होती. तोच नियम तिने अभ्यासाला लावला. इतिहास म्हणजे सरळ शिवण, बीजगणित म्हणजे कॉलर.

माझे बाबा शाळेत मास्तर. ते म्हणाले, "अभ्यासाला असलं काही चालत नाही." त्यांनी तिच्या मोबाईलवर एकाग्रतेचं संगीत टाकून दिलं. झुळझुळ पाणी आणि मंद बासरी. दहाव्या मिनिटाला मावशी पुस्तकावर डोकं टेकून घोरत होती.

उठल्यावर म्हणाली, "भावोजी, झोपायला छान आहे हे. पास व्हायला माझंच लागेल."

बीजगणिताच्या पेपरला वर्ग चिडीचूप होता. अवघड गणित आलं आणि मावशी नकळत गुणगुणू लागली.

"बाई, तोंड बंद!" पर्यवेक्षक ओरडले.

तिने तोंड मिटलं. मग बाकाखाली तिचा पाय संथ लयीत हलू लागला.

"आता पाय कशाला हलवताय?"

"तोंड बंद म्हणालात, केलं," मावशी म्हणाली. "पाय थांबला तर मशीन बंद पडेल, साहेब."

निकाल लागला. गणितात शंभरपैकी एक्काहत्तर! बाबांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मावशीने गाण्याचा आवाज वाढवला.