तेरा जानेवारीचा बोकड

मुरलीधर पाष्टे उम्म अल कुवैनमधल्या दारं-खिडक्यांच्या एका कारखान्यात सुतार होता आणि वर्षातून एक संध्याकाळ तो फिनलंडचा योउलुपुक्की व्हायचा. हे दुसरं काम त्याच्या व्हिसावर लिहिलेलं नव्हतं, पण गल्फमध्ये व्हिसावर लिहिलेलंच काम करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

योउलुपुक्की म्हणजे तिकडचा ख्रिसमसचा म्हातारा. हा धुराड्यातून उतरत नाही. चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी रीतसर दार ठोठावून घरात येतो आणि आधी विचारतो, "इथं कुणी शहाणी मुलं आहेत का?" मुलं गाणं म्हणतात, मग तो पोतं उघडतो. कारखान्याचे मॅनेजर सालो साहेब फिनलंडचे, आणि दुबईत जुमेराला त्यांच्या ओळखीची आठ-नऊ फिन्निश घरं. पूर्वी त्यांच्यातलाच एखादा बाप लाल डगला चढवायचा. पण एका वर्षी साहेबांच्या मुलानं, ओन्नीनं, म्हाताऱ्याचे बूट ओळखले आणि भोकाड पसरलं. तेव्हापासून साहेब परक्या माणसाच्या शोधात होते.

त्यांना मुरलीधरचं नाव सुचवलं ते गणूनं. गणू मालवणकडचा, मुरलीधरच्याच खोलीत राहणारा, आणि नको तिथं तोंड उघडायची त्याला जन्मजात खोड. "सर, अपना मुरली गाव में यही काम करता है," तो म्हणाला.

ते काही अगदीच खोटं नव्हतं. गुहागर तालुक्यातल्या मुरलीधरच्या गावात शिमग्याला संकासूर निघतो. अंगात काळा झगा, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरं आणि हातात दोरीचा आसूड. पोरं त्याला बघून पळतात आणि बाया त्याच्या पाया पडतात. तो दारात उभा राहून जे मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही, अशी रीत. त्या गावात संकासूर होण्याचा मान पाष्ट्यांच्या थोरल्या घराचा. मुरलीधरचे वडील नाचले, त्यांच्या मागे मुरलीधर चार वर्षं नाचला आणि मग एजंटाचा हात धरून इकडे आला.

इथंच घोडं अडलं. कंपनी दोन वर्षांतून एकदा रजा द्यायची, आणि तीही ऑगस्टात, उन्हामुळं बांधकामं थंडावली की. मार्च महिना ऐन कामाचा. शिमगा काही ऑगस्टात येत नाही. सहा वर्षं भावकीतल्या कुणी ना कुणी 'थोरल्या घराच्या वतीनं' टोपी चढवून वेळ मारून नेली. पण पंचाण्णवच्या दिवाळीनंतर गावकरांचं, म्हणजे गावच्या प्रमुखांचं, पत्र आलं: यंदा थोरल्या घराचा माणूस स्वतः उभा राहिला नाही, तर मान कायमचा धाकट्या घराकडं, म्हणजे चुलतभाऊ नागेशकडं जाईल. पत्राच्या खाली आशानं, म्हणजे मुरलीधरच्या बायकोनं, एक ओळ घातली होती. प्रज्ञा विचारते की आपल्या घराचा संकासूर तिनं कधीच कसा पाहिला नाही. प्रज्ञा सात वर्षांची होती.

आता साहेब वाईट माणूस होता का? मुळीच नाही. तो कोपराला गूळ लावणारा माणूस होता, आणि ते जास्त वाईट. दर चोवीस डिसेंबरला कापसाची दाढी घामानं गळ्याला चिकटलेली, नववं घर आटपलेलं, आणि पिकअपमध्ये बसता बसता मुरलीधर म्हणायचा, "सर, मार्च में छुट्टी." साहेब त्याच्या खांद्यावर थाप मारायचे. "वी विल सी, मुरली. इन्शाल्ला." इन्शाल्ला हा शब्द साहेब इथं येऊन शिकले होते आणि नाही म्हणायचं जिवावर आलं की तो वापरायचा, एवढंही शिकले होते.

पंचाण्णवच्या त्या संध्याकाळी साहेबांनी थोडी घेतली होती आणि ते आजोबांच्या गोष्टीत शिरले. म्हणाले, हा लाल डगला अलीकडचा. पुक्की म्हणजे खरं तर बोकड. जुन्या काळी गावातली माणसं शिंगं लावून, केसाळ कातडं उलटं पांघरून घरोघर जायची. देणारी नव्हेत, मागणारी. ख्रिसमस सरला की तेरा जानेवारीला तो बोकड, नुउत्तिपुक्की, यायचा, दारात उभा राहून खाणंपिणं मागायचा, आणि त्याला रिकाम्या हातानं घालवणं म्हणजे घराला कमीपणा.

"नो बडी सेज नो?" मुरलीधरनं विचारलं.

"नो बडी. बॅड लक," साहेब म्हणाले.

मुरलीधर त्या रात्री झोपला नाही असं मी सांगणार नाही. तो झकास झोपला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला साहेबाची भाषा समजली होती. हा माणूस आपल्यासारखाच निघाला, यांच्याकडंही मागणारा येतो आणि त्याला नाही म्हणत नाहीत.

फिनलंडहून आलेल्या पाइनच्या तुकड्यांतून त्यानं जेवणाच्या सुट्टीत दोन शिंगं कोरली. दुबईच्या करामा भागातल्या शिंप्याकडून काळा झगा शिवून आणला आणि कमरपट्ट्याला पितळी घंटा ओवल्या. गणू म्हणाला, "मुरल्या, हात दाखवून अवलक्षण करू नको. साहेबाला अर्ज दे, एचआरचा स्टॅम्प मार, खलास."

"तीन अर्ज दिले. अर्जाला नाही म्हणता येतं," मुरलीधर म्हणाला.

तेरा जानेवारीला काम सुटल्यावर तो माल पोचवायच्या पिकअपमधून जुमेराला गेला. साहेबांच्या फाटकाआड त्यानं झगा चढवला, शिंगं बांधली आणि दार ठोठावलं. ओन्नी आणि त्याची धाकटी बहीण वेन्ला आधी किंचाळली आणि मग आनंदानं नाचायलाच लागली. मुरलीधरनं पाय आपटला, घंटा वाजवल्या, दारात तीन गिरक्या घेतल्या. साहेबांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "नुउत्तिपुक्की! माय गॉड, मुरली," असं म्हणत ते कॅमेरा आणायला धावले. मॅडमनी ताटलीत हॅम, केक आणि बिअरचा डबा ठेवला.

मुरलीधरनं ताटलीला हात लावला नाही.

"पुक्की को क्या चाहिए?" साहेबांनी हसत विचारलं. रीतच होती तशी.

"मार्च में पंधरा दिन छुट्टी. पाच मार्च होली है, सर. मेरे घर का मान जाता है."

साहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. वेन्ला बापाचा हात ओढत त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, आणि मॅडमनी खाली पाहिलं. शब्द कळले नाहीत तरी मुरलीधरला अर्थ कळला. पोरीलाही माहीत होतं, बोकडाला नाही म्हणायचं नसतं.

"मुरली," साहेब हळू आवाजात म्हणाले, "नो ऑफिस टुडे, प्लीज. दिस इज ओन्ली प्ले." मग त्यांना स्वतःलाच बरं वाटेना, म्हणून पुढं जोडलं, "वी विल सी. इन्शाल्ला."

मुरलीधरला असा संताप आला की शिंगं काढून तिथंच फरशीवर आपटावीत. साहेबावर आला त्याहून जास्त स्वतःवर आला. जे रीत समजून आपण सहा वर्षं घाम गाळला, तो यांचा खेळ होता. आजोबांबरोबर बोकडही मेला होता आणि याला त्याची फक्त गोष्ट आठवत होती. त्यानं मुलांना घाबरवलं नाही की काही मोडलं नाही. वेन्लाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ताटली तशीच सोडून बाहेर पडला. मागून कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला.

शुक्रवारी तो करामातल्या टेलिफोन बूथवर कार्ड घेऊन उभा राहिला. गावात फोन फक्त वाण्याकडं. आधी एकदा लावून निरोप द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा लावायचा. दुसऱ्यांदा गावकरांनी फोन घेतला.

"मी येत नाही. मान नागेशला द्या," मुरलीधर म्हणाला.

"बघ हां. एकदा गेला की गेला."

"द्या म्हटलं ना."

मग नागेश फोनवर आला. त्याला एवढं मिळाल्याचा आनंद लपवता येईना आणि थोरल्या भावापुढं दाखवताही येईना. "दादा, मला ती दारातली गिरकी नीट येत नाही. सुरवात कुठच्या पायानं?"

"डाव्या. डावा आपटायचा, मग उजवीकडं वळायचं." मुरलीधरनं बूथमध्येच डावा पाय आपटून आवाज ऐकवला. मागच्या रांगेतल्या मलबाऱ्यानं काचेवर टकटक केली. मुरलीधरनं त्याला हातानंच थांबवलं आणि पुन्हा एकदा पाय आपटला. "ऐकलंस? असा. जोरात. घरातलं माणूस उठून उभं राहिलं पाहिजे."

"आणि दादा..." नागेश चाचरला. "पहिलं दार तुमचंच असतं. तिथं उभा राहून मी काय मागायचं? मला बरं नाही वाटत. वहिनी एकटी, पोर लहान."

कार्डावरची शेवटची मिनिटं सरत होती. मुरलीधरनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तुला हवं ते माग," तो म्हणाला. "आशा देईल. माझ्या घरात संकासुराला नाही म्हणत नाहीत."