कुंदाताईंच्या रेषा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही कुंदाताईंना ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

कुंदाताई नागपुरात आमच्या दवाखान्यात सीटी स्कॅन काढतात. वीस वर्षं झाली. रोज खाप्याहून एसटीने येतात आणि माझ्यासाठी डब्यात गोळाभात जास्तीचा आणतात, कारण त्यांच्या मते मी काडीपैलवान. माझा फार जीव आहे हो त्यांच्यावर. मग असं का वागलो? — थांबा, आधी काम सांगतो.

मी संगणकाला स्कॅनमधलं मूत्रपिंड ओळखायला शिकवत होतो. थोड्या चित्रांवर माणसाने हाताने कड आखून द्यायची. बाकीच्या, रेषा न आखलेल्या ढीगभर चित्रांवर संगणक स्वतःच अंदाज बांधत शिकतो. म्हणजे त्या थोड्या रेषा चुकल्या की पुढचं सगळं मुसळ केरात. त्या रेषा ताई आखायच्या — दारात रांगोळी काढावी इतक्या मन लावून.

आणि संगणक चुकायला लागला. तपासलं, तर ताईंची प्रत्येक रेषा मूत्रपिंडाच्या जराशी खाली घसरलेली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, असं कसं? मी — ताई समोर उभ्या असताना — म्हणालो, हात सरकत असेल, वय झालं आता. ताई हसल्या. दुसऱ्याच दिवशी चष्म्याचा नंबर तपासून आल्या. तरी ते काम त्यांच्याकडून गेलंच.

आठवड्याभरात मला कळलं. चित्रं लहान करून परत मोठी करताना माझाच प्रोग्राम रेषा खाली ढकलत होता. एक ओळ चुकली होती — माझी. ताईंच्या मूळ रेषा उघडून पाहिल्या, तर केसाचाही फरक नाही! ती ओळ मी गुपचूप दुरुस्त केली. डॉक्टरांना काय सांगितलं? ताईंच्या रेषा मी सुधारून घेतल्या. सुधारून! संगणक शहाण्यासारखा शिकला, माझं कौतुक झालं, टाळ्या वाजवणाऱ्यांत ताईही होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आज सांगू, उद्या सांगू... तीन वर्षं मूग गिळून बसलोय.

गेल्या महिन्यात ताईंच्या लेकीच्या पोटात दुखलं, म्हणून तिचा स्कॅन झाला. डॉक्टरांचा रिपोर्ट यायचा होता. ताई फिल्म घेऊन माझ्याकडे आल्या.

“तूच पाहून सांग गा,” त्या म्हणाल्या. “मले आता भरोसा नाही राह्यला माह्या डोळ्याईचा.”

मी डॉक्टर नाही. त्यांच्याइतकं स्कॅनमधलं मला जन्मात कळणार नाही. निदान तेव्हा तरी —

मी फिल्म खिडकीकडे धरली आणि पाहिल्यासारखं केलं.