कपाटातलं वायफाय

माझे धाकटे दीर चाळीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. खिळा मागितला तरी तीन सह्या घ्यायचे, आणि देताना वाकडा निवडून द्यायचे. ते निवृत्त झाले, कारखाना सुटला आणि घर अडकलं. आता साखरेच्या डब्यालाही कुलूप असतं. नातेवाईक याला शिस्त म्हणतात. मी दुसरा शब्द वापरते, तो इथे लिहीत नाही.

घरात वायफाय आलं तेव्हा त्याची डबी त्यांनी लोखंडी कपाटात ठेवली. मागच्या पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतली आणि कपाटाला कुलूप ठोकलं. का, तर येणाराजाणारा बटणं दाबतो म्हणे!

त्यांची सून मागच्या खोलीत बसून ऑनलाइन गणित शिकवते. नोकरी नवी, अजून कायम न झालेली. कधी पंधरावीस मिनिटं सुरळीत, मग एकाएकी चित्र गोठायचं, आवाज तुटायचा. दोनदा ताकीद मिळाली होती. सोमवारी अकराच्या तासाला तिच्या वरिष्ठ बाई हजर राहणार होत्या. त्यातही खोळंबा झाला की नोकरी गेली.

कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. दर वेळी दीर रुबाबात कपाट उघडायचे, तो तिथेच उभा राहून वेग मोजायचा, "झकास आहे" म्हणून जायचा. की लगेच यांचं कुलूप! वर सुनेला टोमणा, "नाचता येईना, अंगण वाकडं."

त्या सोमवारी सकाळी मी तिच्या खोलीत होते. तिने मोबाइलवर वेग मोजायला लावला होता. आकडा नव्वदीत. बाहेर कपाटाचं दार धाडकन लागलं, किल्ली फिरली, आणि आकडा चारवर आला.

"बघितलंत काकू? हे असंच होतं."

"कपाट आत्ता कशाला उघडलं होतं?"

"बाबा रोज साडेदहाला आतलं सामान मोजतात."

मी कपाळावर हात मारला आणि बाहेर गेले.

"भावजी, कपाट उघडा."

"मोजून झालं, वहिनी."

"तुमचं मोजणं घाला चुलीत. पत्र्याआड वायफाय अडतंय. डबी बाहेर काढा."

"काहीतरीच! लाटा असतात त्या. त्यांना पत्रा काय करणार?"

"मग तुम्ही आत बसा, मी कुलूप लावते. आतून फोन लावून दाखवा."

माझ्यामागे दारात आलेली सून तोंड फिरवून हसली. दीर मात्र गोरेमोरे झाले. "डबी उघड्यावर ठेवली आणि कुणी पळवली, तर जबाबदार कोण?"

"मी. लिहून देऊ?"

दीर कागद आणायला निघालेच होते! सून म्हणाली, "बाबा, दहा मिनिटं राहिलीत हो." तिचा आवाज ऐकून कसेबसे वळले आणि दार उघडलं. डबीला मात्र हात लावू देईनात. आणि उघडं कपाट सोडून जायचं कसं? खुर्ची ओढून समोर बसले.

आत सुनेने तासभर अपूर्णांक शिकवले. एकदाही अडली नाही. संध्याकाळी निरोप आला, नोकरी कायम.

आता तिचे रोज चार तास असतात आणि चारही तास दीर उघड्या कपाटापुढे पहारा देतात. डबी बाहेर काढलीत तर उठता येईल, असं मी दोनदा सांगून पाहिलं. विचार करतो म्हणाले.