डिक्कीतला चाकू

त्या हवालदाराचं नाव मला माहीत नाही, पण डिक्की उघडली की मनातल्या मनात त्याला हात जोडतो.

कारंजा रोडवर गाडी तपासताना त्याला पुढच्या कप्प्यात माझा संत्री कापायचा चाकू सापडला. त्यानं पात्याला वीत लावून पाहिली, मग वास घेतला.

"संत्र्याचाच हाय. कायद्यात बसते," तो म्हणाला, "पण हाताजवळ कायले ठेवता? राग आला का हात तिकडंच जाते. डिक्कीत ठेवा."

मी ठेवला.

पुढच्याच आठवड्यात मंगरूळपीरला एका जीपवाल्यानं माझी गाडी घासली, वर आईवरून शिवी दिली. माझा हात सरळ कप्प्यात गेला. तिथं नुसतं फडकं होतं.

त्या फडक्यानं ओरखडा पुसत बसलो. संध्याकाळी जीपवाला त्याच्या घरी जेवला, मी माझ्या.