आईच्या लोणच्याची बरणी

आईची लोणच्याची बरणी मी फोडली. पाडून नव्हे; पाडली असती तर हात निसटला असं तरी म्हणता आलं असतं. जानेवारीतल्या गार सकाळी, नळाच्या पाण्याने नुकत्याच विसळलेल्या त्या चिनी मातीच्या बरणीत मी जंतू मरावेत म्हणून उकळतं पाणी ओतलं. टण्‌ असा आवाज झाला आणि काठापासून बुडापर्यंत तडा गेला. उष्णतेने वस्तू का तडकतात, याच्या चाचण्या घेण्यात माझी सगळी सरकारी नोकरी गेली. हे सांगणं भाग आहे, कारण आई ते प्रत्येक पाहुण्याला सांगत होती.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची, बेळगावहून माझ्याकडे राहायला आलेली. कैऱ्यांचे दिवस आले तरी ती लोणच्याचं नाव काढेना. "बरणी नाही, तर लोणचं कशात घालू?" एवढंच म्हणायची. दुकानातलं लोणचं माझ्या घशाखाली उतरेना. घराजवळच्या के. आर. पुरमच्या बाजारात मी तिला चार दुकानं फिरवली. ती प्रत्येक बरणीला टिचकी मारून आवाज ऐकायची आणि म्हणायची, "बद्द वाजतीय की." दुकानदार अण्णा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे.

शेवटी वैतागून मी म्हटलं, मीच करतो.

व्हाइटफील्डला दर शनिवारी मातीकामाचा वर्ग भरतो. बाकी सगळी ऑफिसातली पोरं, डोकं शांत करायला आलेली. माझं तिथे जाऊनच बिघडलं. पहिले दोन शनिवार नुसती माती मळली, कारण आत हवेचे बुडबुडे राहिले तर भांडं चाकावर हेलकावे खातं. मग गोळा चाकाच्या नेमक्या मध्यावर बसवायचा. माझा बसेना. शेजारची मुलगी कानात गाणी ऐकत वाट्यांमागून वाट्या काढत होती. मला तिचा मनापासून राग आला.

"सर, स्वल्प हळू. मातीशी भांडायचं नाही," शिक्षिका आपल्या कानडी वळणाच्या हिंदीत सांगायची. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान. बरणीच्या भिंती पातळ ठेवा, असंही ती म्हणाली. पण मी एकदा तडा पाहिलेला माणूस; जाडच ठेवल्या. माती भाजल्यावर आक्रसते, त्याचा हिशेब मांडून झाकण व्हर्नियरने मोजून केलं. सगळा वर्ग ते बघायला जमला, तेव्हा बरं वाटलं.

ग्लेझ, म्हणजे भांड्याला वरून द्यायचा चकचकीत लेप, शेवटी काचच; भट्टीत वितळते. म्हणून झाकण जिथे टेकतं, तिथलं ग्लेझ ओल्या स्पंजने पुसून टाका, असं शिक्षिकेने दोनदा बजावलं होतं. मी मनात म्हटलं, तेल झिरपायला नको. तिथे दोन हात जास्तच दिले आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी झाकण लावून बरणी भट्टीजवळ ठेवून दिली. भाजून आल्यावर कुणाला न विचारता उचलली आणि मेट्रोतून मांडीवर घेऊन घरी आलो.

आईने टिचकी मारली. "खणखणीत हाय," म्हणाली. मला भरून आलं.

"आता झाकण काढ."

मी ओढलं. गुडघ्यांत धरून ओढलं. झाकण आणि बरणी एकजीव झाली होती. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने बरणी उचलायला हात घातला, इंचभर उचलली आणि खाली ठेवली. मनगटं थरथरत होती.

"निघालं असतं तरी काय उपयोग? जुनीपण मला उचलवत नव्हती. तू फोडलीस, तेव्हा सुटले बघ. आता माझ्यानं होत नाही, हे सांगायचं वाचलं."

"मग इतके महिने पाहुण्यांना काय सांगत होतीस?"

"फोडलीस तूच की. खोटं सांगितलं काय?"

तिची मनगटं रोज समोर होती आणि मी बरणीच्या भिंती जाड करत बसलो होतो, याची लाज वाटली. त्याच संध्याकाळी कैऱ्या आणल्या. फोडी मी केल्या, मसाला मी कालवला, मीठ किती ते तिने खुर्चीत बसून सांगितलं. लोणचं जॅमच्या तीन लहान रिकाम्या बाटल्यांत भरलं. एकेक बाटली तिने स्वतः उचलून फळीवर ठेवली.