दाखवायची विहीर

तातेराव बुधवार चुकवत नाही म्हणजे नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात हा बाबा मांडवातून उठून विहिरीवर गेल्ता. सासुरवाडी अजून फुगून आहे.

गाव टेंभुर्णीच्या अलीकडं. आठ वर्षं झाली, दर बुधवारी विहिरीत वजन बांधलेला टेप सोडायचा, पाणी किती खोल गेलं ते बघायचं आणि आकडा मोबाईलवरून जालन्याच्या भूजल ऑफिसात पाठवायचा. तिथं म्हणे संगणकात अख्खं गाव बसवलंय. पाऊस किती पडला, पिकं किती पाणी प्याली, जमिनीखाली किती उरलं, सगळं गणितानं निघतं. त्याला मॉडेल म्हणतात. तातेराव पारावर छाती फुगवून सांगायचा, "आपल्या टेपाशिवाय मॉडेलचं पान हलत न्हाई!"

खरंच होतं ते. वांधा विहिरीचा होता. आठ वर्षांपूर्वी ऑफिसची माणसं मोजणीची विहीर निवडायला आली, तेव्हा तातेरावच्या वस्तीवरचा आड दाखवायचा की बद्रीनाथच्या मळ्यातली विहीर, असा सवाल निघाला. आड मार्चात तळ दाखवायचा. मळ्यातली विहीर पाझर तलावाला खेटून, मे महिन्यातसुद्धा तुडुंब. "आटलेला आड दाखवता? गावाला अब्रू हाय का न्हाई? उद्या पोरी कोण देईल आपल्याला?" हे कोण बोललं? तातेरावच. सोयरीक जुळवताना पाहुण्याला आधी भरलेली विहीर दाखवायची, ही इथली रीत. त्यानं सरकारलाही तीच दाखवली.

यंदा आड फेब्रुवारीतच आटला. वस्तीनं टँकर मागितला, अर्ज परत आला. मॉडेलप्रमाणं गावात जूनपर्यंत मुबलक पाणी! तातेरावची बायको बेबीनंदा डोक्यावर दोन हंडे घेऊन बद्रीनाथच्या मळ्यापर्यंत दोन किलोमीटर चालू लागली. गुडघे सुजले तिचे. एक दिवस हंडा दाणकन आपटून म्हणाली, "तुमच्या मॉडेलातूनच आणा की दोन हंडे भरून!"

तातेरावला ते फार लागलं. पुढच्या बुधवारी त्यानं टेप वस्तीच्या आडात सोडला. वजन खण्णकन दगडावर वाजलं. त्यानं तोच आकडा पाठवला आणि टँकरची वाट बघत बसला.

टँकर नाही, फोन आला. ऑफिसातल्या तृप्ती मॅडम. "तातेराव, आकडा चुकलाय तुमचा. मॉडेलनं लाल केलाय. मी काढून टाकला."

"मॅडम, आकडा बराबर हाय. आठ वर्षं विहीर गलत होती." एका दमात त्यानं सगळं कबूल केलं.

मंग मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमच्या आकड्यांवर आजूबाजूच्या अकरा गावांचं गणित उभंय! नवी विहीर धरायची तर दोन वर्षांच्या नोंदी लागतील. तोवर जुनीच मोजा. आणि हो, तुमचा सत्कार ठरलाय. जिल्ह्यात सगळ्यात बिनचूक नोंदी तुमच्या."

सत्कार झाला. शाल, नारळ, काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र. तातेराव मान खाली घालून घरी आला आणि चौकट बायकोपुढं धरली. बेबीनंदानं ती उलटीसुलटी करून बघितली. भिंतीकडं गेलीच नाही ती. ओसरीतल्या कोरड्या रांजणावर झाकण म्हणून चौकट ठेवली आणि हंडे उचलले.

"असू द्या," ती म्हणाली, "टँकर येईस्तोवर आत धूळ तरी जायची न्हाई."

बुधवार होता. तातेरावनं टेप घेतला आणि तिच्या मागोमाग मळ्याकडं निघाला.